मैफलींची वही मांडताना

आपण पतीसह ऐकलेल्या मैफलींची तुलनात्मक वही सुरू केल्याचे वाचून आनंद झाला. सुळेभावीत १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले, त्या आमच्या बेळगाव परिसरात आम्ही उभयता हाच उद्योग बरीच वर्षे करीत आहोत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घरी पोहोचून दोघांनी आपापल्या चार ओळी स्वतंत्रपणे लिहीपर्यंत मैफलीविषयी एकमेकांशी बोलू नये, कारण एकाने ‘आज रंगली नाही’ असे म्हटले की दुसऱ्याच्या कानांतले गाणेही फिके पडते. आमच्या वहीत एका यमन रागापुढे माझा शेरा ‘फार संथ’ असा आहे, तर सौभाग्यवतींचा ‘गंधार स्वरावर डोळे भरले’ असा. दोन्ही एकाच रात्रीचे. (आता मला तिचाच शेरा अधिक खरा वाटतो.)

नवखे बहुधा विजोड तुलनेत फसतात. धारवाड जिल्ह्यातल्या कुंदगोळात बैठकीला जवळून ऐकलेले गायन आणि पुण्यात १९५३ पासून सुरू असलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या विशाल मंडपात ध्वनिक्षेपकावरून ऐकलेले गायन एकाच तराजूत घालू नये. तुलना करायचीच असेल, तर राग आणि लय सारखी असावी. बारा मात्रांच्या विलंबित (संथ) एकतालातील आलापीला द्रुत (जलद) तीनतालाच्या झपाट्याने मोजणे अन्यायाचे होते. आपण कुठे बसला होतात, तेही नोंदवा. गुण मात्र देऊ नका.

गायकीच्या घराण्यांचा वाद तूर्त बाजूलाच ठेवा. दहा-बारा मैफली झाल्यावर त्याविषयी सविस्तर लिहीन.