घरी सांगितलंय लायब्ररीत काम करतो, पण...

"ताई, मी तासगावचा. इंग्लंडमध्ये एमएस्सी करतोय, वय २३. टेकअवेत, म्हणजे पार्सलच्या हॉटेलात भांडी घासतो, आठवड्याला २० तास, तासाला ७ पौंडानं कॅश. मालक म्हणतोय अजून १५ तास ये, कागदावर काय नको. पप्पांनी कर्ज काढलंय, आई हंगामात बेदाण्याच्या शेडवर जाते आणि अवकाळीनं बाग गेली. घरी लायब्ररीत काम करतो म्हणून सांगितलंय. व्हिडिओ कॉलवर हात खाली ठेवतो, साबणानं बोटं सोललीत. काय करू?"

बाळा, ते १५ तास घेऊ नकोस. तुझं पत्र वाचून जीव कळवळला, पण हे आधी सांगते.

स्टुडंट व्हिसावर टर्ममध्ये, म्हणजे कॉलेज चालू असताना, आठवड्याला २० तासांचीच मुभा असते. हे २० तास सोमवार ते रविवार, सगळ्या कामांचे मिळून, ह्या आठवड्यात कमी केलं म्हणून पुढच्या आठवड्यात जास्त असं चालत नाही. एमएस्सीवाल्यांचा उन्हाळ्यातला डिझर्टेशनचा, म्हणजे प्रबंध लिहायचा काळही टर्ममध्येच धरतात, रूममेट म्हणतील जुलैत फुलटाइम कर, त्यांचं ऐकू नकोस. सायकलवरनं सेल्फ-एम्प्लॉयड डिलिव्हरी पण स्टुडंट व्हिसावर चालत नाही. सापडलास तर व्हिसा रद्द होऊ शकतो, मग ज्या डिग्रीसाठी कर्ज काढलं तीच अर्धी राहायची.

आता हिशोब बघ. तिथं २१ वर्षं आणि त्यावरच्यांचा तासाचा किमान दर एप्रिल २०२५ला १२.२१ पौंड झाला, म्हणजे २० तासांचे २४४ पौंड. आणि तू मालकाकडं ३५ तास राबलास तर ७ नं होतात २४५. एका पौंडासाठी १५ तास! तुला जास्त तास नकोत रे, हक्काचा दर आणि पे-स्लिप पाहिजे. युनिव्हर्सिटीच्या करिअर सर्व्हिसला जाऊन कॅम्पसवरचं काम विचार, कँटीन असू दे नाहीतर ओपन डेला मदत, आणि हार्डशिप फंड, म्हणजे पैशाच्या अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठीची मदत, तुमच्यासारख्यांना मिळते का तेही त्याच फेरीत विचारून ये. माझ्या भाच्याचे असेच तीन आठवड्यांचे कॅशचे पैसे बुडाले, मालकानं हात वर केले, आणि ह्याचे तास जास्त झालेले म्हणून तक्रार करायलाही पोरगं घाबरलं, शेवटी गप बसला.

राहिलं घरचं. हंगामात दिवसभर शेडवर बेदाणा निवडणाऱ्या आईपासून तू हात लपवतोयस? तिला कामाची लाज वाटणार नाही, काळजी वाटेल, आणि ती तिला आत्ताही वाटतच असणार. पप्पांना बँकेत कर्जाचं पुनर्गठन मागायला जायचं असेल तर तू महिन्याला खरंच किती पाठवू शकतोस हा आकडा त्यांना माहीत पाहिजे, लायब्ररीच्या पगाराचा खोटा आकडा धरून ते बोलून बसले तर हप्ता कुठनं भरायचा? ह्या रविवारी फोन लाव, आधी पप्पांशी बोल.

आणि रबरी हातमोजे मागून घे, नाही दिले तर स्वतः आण, रात्री झोपताना बोटांना खोबरेल लाव.