वाचकांचे प्रश्न : चित्रातला रक्तदाब

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या त्रैमासिकाची मांडणी मी पाहतो. सत्तरी ओलांडलेल्यांच्या ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डाच्या बातमीसाठी मी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चित्र करून घेतले : तरुण डॉक्टर आजींचा रक्तदाब मोजत आहे आणि पुढे आजींचा सुरकुतलेला हात तेवढा मोठा दिसतो. एका सभासदांनी ‘आम्ही म्हणजे नुसते हात का?’ असे म्हणून ते परत पाठवले. चित्र कसे असावे?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : सभासदांची तक्रार रास्त आहे, मला मात्र हातापेक्षा ते रक्तदाबाचे यंत्र अधिक खटकते. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालेली ही सोय ७० वर्षे व त्यापुढील व्यक्तींना, उत्पन्न कितीही असले तरी, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार देते. पण ते उपचार रुग्णालयात दाखल झालेल्यांचे आहेत. दाखल होण्याआधीचे ३ आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस त्यात धरले जातात, दरमहाची तपासणी आणि रक्तदाबाच्या गोळ्या नाहीत. मथळा आणि चित्र एवढेच पाहून पान उलटणारा वाचक (असे वाचक आपल्याला वाटते त्याहून पुष्कळ असतात) हे कार्ड घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जाईल आणि हात हलवत परत येईल.

म्हणून दाखल होतानाचा क्षण घ्यावा. आरोग्यमित्राच्या (रुग्णालयात योजनेच्या कामात मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) टेबलापाशी बसलेल्या बाई, कापडी पिशवीतून प्लॅस्टिकच्या पाकिटातले आधार कार्ड काढताना, चष्मा कपाळावर सरकवलेला. मुलगा केसपेपर धरून मागे उभा आणि बोलणे मात्र बाईंचे चाललेले. दृश्य त्यांच्या नजरेच्या पातळीवरून दिसावे. उभ्या माणसाने वरून पाहिल्यासारखे नको. केविलवाणेपणा टाळण्याच्या भरात पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढणारे ठणठणीत आजोबाही काढू नयेत, कारण बातमी त्यांच्या व्यायामाची नाही.

‘वृद्ध भारतीय स्त्री’ एवढ्याच सूचनेवर यंत्र बहुधा दीनवाणा चेहरा काढते. तेव्हा वय, पोशाख, बसण्याची ढब आणि हातातले काम हे सारे नेमके लिहून द्यावे. देवनागरी अक्षरे अशा चित्रांत अनेकदा बिघडतात, त्यामुळे भिंतीवरची पाटी कोरी ठेवून मजकूर मांडणीच्या वेळी आपणच बसवावा. चित्रातल्या हातांना पाचच बोटे आहेत ना, हे मोजून घ्यावे, हे सांगायला नकोच. खाली नुसते ‘प्रातिनिधिक’ लिहिल्यास वाचक ते छायाचित्र समजतो, म्हणून ‘संगणकनिर्मित प्रातिनिधिक चित्र’ असे पूर्ण छापावे.

खरे तर सत्तरीपुढचे सभासद संघातच असताना यंत्राकडे जाण्याचे कारण मला दिसत नाही. वॉर्डातील रुग्णाचे छायाचित्र घेणे योग्य नव्हे. परंतु संघाच्या कार्यालयात एक टेबल मांडून, लेखी संमती घेऊन, हे दृश्य अर्ध्या तासात टिपता येईल. ज्यांनी चित्र परत पाठवले, त्यांनाच आधी विचारून पाहावे.