देवाची 'निवडणूक' की 'निवड'?

प्रश्न असा आलाय की एका जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत 'देवाची निवडणूक' असं वाचलं आणि हसू आलं, तर भाषांतर चुकलंय का, आणि ज्यूंना 'निवडलेले लोक' म्हणतात ते ख्रिस्ती लोक आजही मानतात का.

पहिलं सोपंय. चुकलेलं नाही. वागणूक, करमणूक, फसवणूक यातला जो 'णूक' तोच इथे, निवडायची क्रिया ती निवडणूक, मतपेटी नंतर चिकटली. आणि हे फक्त आपल्याकडे झालं असंही नाही, येशूचा प्रेषित पौल याने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात (बायबलात आहे ते) 'एक्लोगी' हा ग्रीक शब्द वापरलाय त्याचंच अनेकवचन आज ग्रीसमध्ये इलेक्शनला वापरतात, आणि हिब्रूत 'बाखर' म्हणजे निवडणे, त्यावरून 'बेखिरोत' म्हणजे पुन्हा इलेक्शनच! पण आज लिहिताना 'निवड' लिहा, नाहीतर वाचणारा बोटाला शाई शोधत बसेल.

खरी गोची 'निवडणे'मध्ये आहे. आपण तांदूळ निवडतो, मेथी निवडतो, म्हणजे चांगलं ठेवून खडे नि पिवळी पानं फेकतो, त्यामुळे 'निवडलेले' म्हटलं की उरलेले सगळे कचरा असं डोक्यात येतं. बायबलचा सूर तसा नाहीये. 'अनुवाद' नावाच्या बायबलातल्या पुस्तकात (७:७) देव ज्यूंच्या पूर्वजांना, इस्राएल लोकांना, सरळ म्हणतो की तुम्हाला निवडलं ते तुम्ही संख्येने जास्त होतात म्हणून नाही, उलट सगळ्यांत थोडे होतात, आणि आमोस संदेष्ट्याच्या तोंडून तर देव म्हणतो की फक्त तुम्हालाच ओळखलं, म्हणूनच तुमच्या अपराधांची शिक्षाही तुम्हाला देणार. मला विचाराल तर बियाण्यासाठी कणसं निवडून ठेवतात ना, ते जास्त जवळचं, कारण ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम याला देवाने सांगितलंय ते तुझ्याद्वारे पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांना आशीर्वाद मिळेल असं.

आता दुसरं. शेकडो वर्षं चर्चने मेथीवालाच अर्थ धरला, आणि टाकायच्या काड्या ठरले ज्यू. दुसऱ्या शतकातच जस्टिन हा ख्रिस्ती लेखक लिहून गेला की खरं इस्राएल आम्ही, म्हणजे जुन्यांची जागा आता आमची. कॅथलिकांच्या गुड फ्रायडेच्या प्रार्थनेत ज्यूंना लावलेलं 'अविश्वासी' हे लॅटिन विशेषण थेट १९५९ मध्ये काढलं, होलोकॉस्ट होऊन गेल्यावर! मग २८ ऑक्टोबर १९६५ ला कॅथलिक चर्चच्या व्हॅटिकन परिषदेचं 'नोस्त्रा एताते' हे निवेदन आलं, ज्यूंना देवाने टाकलेले किंवा शापित म्हणू नका असं त्यात स्पष्ट आहे, आणि १९८० मध्ये जर्मनीत माइन्झला पोप जॉन पॉल दुसरे म्हणाले की देवाने ज्यूंशी केलेला तो जुना करार कधी रद्द केलेलाच नाही. याचा सगळा आधार पौलाच्या त्याच पत्रातल्या (रोम ११:२९) एका ग्रीक शब्दावर, 'आमेतामेलेता', देवाला ज्याचा पस्तावा होत नाही असं. आपल्या भाषेत, दिलं ते दिलं. २०१५ च्या व्हॅटिकनच्या कागदाचं नावच या ओळीवरून आहे, त्यात ज्यूंचं धर्मांतर करायला चर्च म्हणून संघटित मिशन चालवत नाही असंही म्हटलंय, मग तारण (म्हणजे मुक्ती) ख्रिस्ताद्वारेच हे त्याच्याशी जुळतं कसं तर ते देवाचं गूढ म्हणून सोडलंय. थोडी पळवाटच वाटते मला, पण प्रामाणिक आहे.

सगळे ख्रिस्ती असंच मानतात असं नाही हं. बऱ्याच इव्हँजेलिकल मंडळींना (बायबलवर भर देणारे प्रॉटेस्टंट) १९४८ चं इस्रायल राष्ट्र म्हणजेच भविष्यवाणी पूर्ण झाली असं वाटतं, तर पॅलेस्टिनी ख्रिस्ती पुढाऱ्यांनी २००९ च्या 'कैरोस' निवेदनात उलट सांगितलं की बायबल दाखवून आमच्या जमिनी घेणं चालणार नाही. दोघंही तीच पानं वाचतात.

इथे मराठीची एक सोय आहे, फारसं कुणी लक्ष देत नाही. मराठी बायबलात 'इस्राएल', पेपरात 'इस्रायल'. पौल बोलतो ते लोक पहिल्या स्पेलिंगचे, पासपोर्ट देणारं राष्ट्र दुसऱ्या. त्यामुळे 'निवडलेलं इस्राएल' लिहाल तेव्हा तो 'ए' प्रूफवाल्याला बदलू देऊ नका.