‘सत्याग्रह’ आणि ‘सविनय’ या शब्दांविषयी

‘सत्याग्रह’ आणि ‘निःशस्त्र प्रतिकार’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतील का, आणि ‘सविनय कायदेभंग’ म्हणजे नम्रपणे कायदा मोडणे एवढेच समजायचे का, असे दोन प्रश्न आले आहेत. पहिल्याचे उत्तर माझ्या मते नकारार्थी आहे, आणि त्याचे कारण ‘सत्याग्रह’ या शब्दाच्या जन्मकथेतच सापडते.

1906 साली दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवालमध्ये तिथल्या भारतीय लोकांवर सक्तीची नोंदणी लादणाऱ्या कायद्याविरुद्ध लढा सुरू झाला, तेव्हा त्याला ‘पॅसिव्ह रेझिस्टन्स’ हेच इंग्रजी नाव वापरले जात होते. मराठीत त्याचा ‘निःशस्त्र प्रतिकार’ झाला. हा शब्द चुकीचा नाही, पण तो फक्त काय नाही ते सांगतो: हातात शस्त्र नाही. ते का नाही, हे त्यातून कळत नाही. दुबळ्यांना दुसरा मार्ग नसतो म्हणून ते हा मार्ग धरतात, असा त्याचा अर्थ गोरे लोक लावू लागले, तेव्हा गांधीजींना नवे नाव हवेसे वाटले. ‘इंडियन ओपिनियन’ या आपल्या तिथल्या साप्ताहिकातून त्यांनी वाचकांकडून शब्द मागवले. त्यांचे सहकारी मगनलाल गांधी यांनी ‘सदाग्रह’ सुचवला आणि गांधीजींनी अर्थ अधिक स्पष्ट व्हावा म्हणून त्याचा ‘सत्याग्रह’ केला. ‘सदाग्रह’ची फोड ‘सत् + आग्रह’ अशी आहे, परंतु मराठी कानाला ती ‘सदा + आग्रह’ अशीही ऐकू येऊ शकते. ‘सत्याग्रह’मध्ये अशी शंका उरत नाही.

खरी अडचण आहे ती ‘आग्रह’ या उत्तरपदाची. आज मराठीत आपण आग्रह करतो तो बहुधा दुसऱ्याला, आणि म्हणून ‘सत्याग्रह’ म्हणजे समोरच्याकडे धरलेला हट्ट, असा समज सहज होतो. मूळ धातू मात्र ‘ग्रह्’, म्हणजे पकडणे, धरून ठेवणे, हा आहे. त्या अर्थाने सत्याग्रही सत्य स्वतः घट्ट धरून ठेवतो आणि त्याची किंमतही स्वतःच मोजतो. 17 ऑक्टोबर 1940 रोजी पवनारला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. ‘आग्रह’ म्हणजे जमावाचा दबाव असता, तर ‘वैयक्तिक सत्याग्रह’ ही शब्दयोजनाच विसंगत ठरली असती.

या शब्दाचे मराठीतले समासही पाहण्यासारखे आहेत. नागपूरचा 1923 चा झेंडा सत्याग्रह, 1930 चा मिठाचा सत्याग्रह आणि त्याच वर्षी समुद्रापासून दूरच्या भागांत, जिथे मीठ तयार करण्याची सोय नव्हती तिथे, वनकायदा मोडून झालेला जंगल सत्याग्रह, यांत पहिले पद आग्रहाचा अंतिम विषय सांगत नाही. ज्या ठिकाणी अन्यायाशी गाठ पडली ते ठिकाण किंवा ती वस्तू सांगते. आग्रहाचा विषय प्रत्येक वेळी ‘सत्य’ हाच राहतो.

आता ‘सविनय’. आजच्या मराठीत विनय म्हणजे नम्रता, पण संस्कृतात त्याचा अर्थ शिस्त, संयम, शिक्षण असाही आहे. बौद्ध भिक्षूंच्या नियमांचा संग्रह ‘विनयपिटक’ म्हणून ओळखला जातो तो याच अर्थाने. कायदेभंगातला विनय हा शिस्तीचा विनय आहे. मिठाचा कायदा मोडण्यापूर्वी, 2 मार्च 1930 रोजी, गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र लिहून आपला बेत कळवला. 21 मे रोजी गुजरातमधील धारासणा येथील मिठागरावर स्वयंसेवकांच्या तुकड्या एकीमागून एक पुढे गेल्या आणि लाठ्या डोक्यावर पडत असताना त्यांनी प्रतिकारासाठी हात उचलला नाही. याउलट फेब्रुवारी 1922 मध्ये चौरीचौरा येथे जमावाने पोलिसांना ठार केले, तेव्हा बारडोलीत व्हायचा कायदेभंग गांधीजींनी थांबवला. अनेक सहकाऱ्यांना तो निर्णय पटला नाही, तरी ‘सविनय’ हे विशेषण शोभेपुरते नव्हते, हे त्यातून दिसते.

हिंदीत याच चळवळीला ‘सविनय अवज्ञा’ म्हणतात. मराठीत ‘अवज्ञा’ शब्दाला अनादराची छटा आहे, त्यामुळे मला ‘कायदेभंग’ अधिक नेमका वाटतो. ‘कायदा’ मूळचा अरबी, ‘भंग’ संस्कृत, असा तो मिश्र समास आहे. पण मोडायचा आहे तो कायदा, माणसाचा मान नव्हे, हे तो अचूक सांगतो.

तेव्हा शस्त्राविना झालेल्या कोणत्याही विरोधाला ‘निःशस्त्र प्रतिकार’ म्हणावे, ठरावीक अन्याय्य कायदा उघडपणे मोडून शिक्षा पत्करली असेल तर ‘सविनय कायदेभंग’ म्हणावे, आणि त्यामागे सत्य धरून ठेवण्याची व क्लेश स्वतः सोसण्याची प्रतिज्ञा असेल तेव्हाच ‘सत्याग्रह’ लिहावे.