उपचार संपले, उपकार कसे फेडू?

‘ट्रीटमेंट संपली, घरच्यांनी एवढं केलं, मग मला आनंद का होत नाही?’ स्तनाच्या कर्करोगाचे उपचार पूर्ण झालेल्या बायका हे बहुधा दबक्या आवाजात विचारतात, कारण विचारणंच कृतघ्नपणाचं वाटतं. समुपदेशनाला आलेली पुढची केस तासगाव भागातल्या द्राक्षबागायतदार घरातली. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

बाई 48 वर्षांच्या. मिरजेत ऑपरेशन झालं, स्तन काढला, काखेतल्या लसीकाग्रंथींच्या गाठीही काढल्या. मग किमो: पहिले चार डोस दर 21 दिवसांनी, पुढचे बारा दर आठवड्याला. त्यानंतर 15 शेक (रेडिएशन), सोमवार ते शुक्रवार असे तीन आठवडे. आता आजार उलटू नये म्हणून टॅमोक्सिफेन या हार्मोनविरोधी औषधाची 20 मिलिग्रॅमची गोळी रोज, किमान पाच वर्षं. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीपासून एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंतचा अख्खा हंगाम यात गेला. धाकट्या जावेनं चूल आणि गोठा दोन्ही पाहिलं, दिरानं फवारण्या एकट्यानं काढल्या, पुतणीनं गोळ्यांच्या वेळा कॅलेंडरवर लिहिल्या, पुण्याच्या मुलानं रजा संपवल्या.

शेवटचा शेक झाला तसं त्यांनी जाहीर केलं: सत्यनारायण घालायचा, दोनशे पानं उठवायची, जावेला पैठणी घ्यायची आणि उद्यापासून चूल माझी. दोन आठवड्यांत त्या अंथरुणाला टेकल्या. रात्री झोप नाही, दिवसा रडू येतंय, ऑपरेशनच्या बाजूचा हात जड झालाय, बांगडी रुततेय. हाताचं त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. कारण विचारलं तर म्हणाल्या, ‘आता कुणाला काही सांगायला तोंड राहिलं नाही.’

सगळी केस या एका वाक्यात आहे. प्रेमानं मिळालेली मदत त्यांनी उधारीच्या वहीत मांडली होती. एकदा कर्ज मानलं की माणूस आणखी मागायला लाजतो, आणि या आजारात न मागणं म्हणजे लक्षण लपवणं. म्हणून समुपदेशनाच्या आधी हात सर्जनना दाखवायला सांगितला. काखेतल्या गाठी काढल्या आणि तिथे शेकही दिले की लसीकाद्रव वाहून नेणाऱ्या वाटा कमी उरतात, द्रव हातात साठतो. दोन्ही हात टेपनं एकाच ठिकाणी मोजतात. फरक दोन सेंटिमीटरच्या आसपास गेला की सूज धरून उपाय सुरू होतात. लवकर पकडली तर मापाची घट्ट बाही, मसाज आणि व्यायाम यांनी ती आटोक्यात राहते. वर्षभर अंगावर काढली तर हात कडक होत जातो. त्या बाजूला इंजेक्शन आणि शक्यतो बीपीचा पट्टाही नको. बागेत किंवा उसात काम करताना हातमोजे हवेत, कारण साध्या ओरखड्यातूनही जंतुसंसर्ग होतो. हात लाल, गरम झाला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

‘मग हंडा जन्मभर उचलायचाच नाही का?’ असं सासूबाईंनी विचारलं. तसं नाही. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानं हलक्या वजनापासून वाढवत न्यायचं. हात अजिबात न वापरल्यानं खांदा आखडतो, ते वेगळंच दुखणं.

थकव्याचं घरच्यांना समजावणं जास्त अवघड गेलं. शेक संपले म्हणजे शक्ती परत आली, असा सगळ्यांचा हिशेब असतो. प्रत्यक्षात हा थकवा कित्येक महिने राहतो, काहींना वर्षाहून जास्त, आणि तो झोपेनं जात नाही. रोजच्या थोड्या चालण्यानं मात्र कमी होतो. म्हणून सुरुवात सकाळी दहा मिनिटं चालणं आणि फक्त एका वेळची भाजी यावर केली. भाकरी जावेकडेच राहिल्या. चांगल्या दिवशी जास्त काम करून पुढचे दोन दिवस पडून राहणं हा नेहमीचा घोटाळा. तो टाळायला चांगल्या दिवशीही ठरल्याएवढंच काम करायचं.

आता आभारांचं. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे एकच नेमकी गोष्ट लिहायला सांगितली. ‘खूप केलंस’ हे ऐकणारा ‘त्यात काय’ म्हणतो आणि विषय संपतो. ‘तोंड आलं होतं तेव्हा तू मऊ भात ताक घालून दर दोन तासांनी वाटीभर आणत होतीस, म्हणून माझा पुढचा डोस चुकला नाही’ हे ऐकल्यावर जाऊ गप्प झाली, मग दोघी रडल्या. हे चारचौघांत नको, एकेकाला गाठून पाच मिनिटांत सांगायचं, आणि त्या वेळी हातात काही वस्तू द्यायची नाही. वस्तू दिली की पुन्हा व्यवहार होतो.

जावेला एकदा सोबत बोलावलं. पैठणी तिला नकोच होती. ‘अक्का, मला आठ दिवस माहेरी जाऊ दे, आणि काय दुखतंय ते मला आधी सांगत जा.’ तिच्या गैरहजेरीत पोळीभाजीला बाई लावली. पूजा पुढे श्रावणात झाली, घरचीच माणसं आणि स्वयंपाकाला आचारी. गावजेवणाचा आग्रह सासऱ्यांनी सोडला नाही, तो अजून चालू आहे.

उरली भीती. मुलाला दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन (अंगभर कर्करोग शोधणारा स्कॅन) हवा होता, ‘खात्रीसाठी’. लक्षण नसताना नेमानं स्कॅन किंवा ट्युमर मार्करची रक्ततपासणी करून आयुष्य वाढत नाही, उलट स्कॅनमधल्या किरकोळ सावलीमागे बायॉप्सीची (तुकडा काढून तपासण्याची) धावपळ होते. पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांची तपासणी, उरलेल्या स्तनाची वर्षातून एकदा मॅमोग्राफी, एवढं पुरतं. मधल्या काळात नवी गाठ, व्रणावर पुरळ, न थांबणारी हाडदुखी, धाप, कारणाशिवाय घटणारं वजन दिसलं तर तारखेची वाट पाहू नये. टॅमोक्सिफेनवर असताना एका पायाला अचानक सूज आली किंवा पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त गेलं तर लगेच कळवावं.

तपासणीच्या आदल्या आठवड्यात झोप उडणं जवळजवळ सगळ्यांना होतं. तेव्हा नवऱ्यानं ‘काही होत नाही, पॉझिटिव्ह राहा’ म्हणण्यात हेतू चांगला असतो, पण बाईचं तोंड बंद होतं. त्याऐवजी ‘कशाची भीती वाटतेय?’ एवढं विचारून ऐकून घ्यावं.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, कशातच मन लागेना, मरणाचे विचार येऊ लागले तर मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो. मनोविकारतज्ज्ञांना टॅमोक्सिफेन चालू असल्याचं आवर्जून सांगायचं. पॅरॉक्सेटीन, फ्लुओक्सेटीन यांसारख्या उदासीवरच्या काही गोळ्या त्याचा परिणाम कमी करू शकतात आणि डॉक्टर दुसरी निवडू शकतात. आणि घाम, गरम वाफा नकोशा झाल्या म्हणून टॅमोक्सिफेन परस्पर बंद करणाऱ्याही बऱ्याच असतात. या बाईंनीही चार दिवस सोडली होती, तीही जावेला न सांगता.