एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची ॲक्सिलरेटर केबल घरी बदलता येते का?

हो, आरामात. तुमचं १९६७ चं मॉडेल, एसयू कंपनीच्या दोन कार्ब्युरेटरवालं (हवा-पेट्रोल मिसळणारे भाग), आणि केबलचे धागे सुटायला लागलेत म्हणता, तर आता फार चालवू नका. सुटलेला धागा आवरणात अडकला की पेडल सोडलं तरी इंजिन रेस होत राहतं.

केबल एका टोकाला पेडलच्या दांड्यात निपलने, म्हणजे टोकाच्या धातूच्या गोळीने, अडकवलेली असते. दुसऱ्या टोकाला नुसती तार असते, ती कार्ब्युरेटरच्या लिव्हरवरच्या छोट्या पिनमध्ये स्क्रूने आवळलेली असते. आधी हा स्क्रू सैल करा, मग तार पेडलच्या बाजूने ओढून घ्या. जुनी केबल कुठून कशी जाते याचा फोटो आधीच काढून ठेवा. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असतात, त्यामुळे नवी केबल एक्झॉस्टच्या तापलेल्या मॅनिफोल्डला (इंजिनाला जोडलेल्या नळ्यांना) टेकली की आवरण वितळतं.

खरी गोम आवळण्यात आहे. तार ताणून बांधू नका, मिलिमीटरभर ढिली ठेवा, नाहीतर थ्रॉटल (कार्ब्युरेटरमधली हवेची झडप) पूर्ण बंद होत नाही आणि आयडल, म्हणजे पेडल न दाबता इंजिनाचा वेग, चढा राहतो. मग इंजिन बंद ठेवून कुणाला तरी पेडल तळापर्यंत दाबायला सांगा. एअर फिल्टर काढून बघा, दोन्ही बटरफ्लाय (थ्रॉटलच्या गोल चकत्या) पूर्ण उघडतात का, आणि पेडल सोडताच खटकन मिटतात का. उरलेली तार यानंतरच कापा. थ्रॉटल परत मिटवणारी रिटर्न स्प्रिंग जुनी असेल तर तीही बदला, दोन पैशांची वस्तू आहे. आतून नायलॉनचं अस्तर असलेल्या केबलला तेल घालायचं नाही, मेकॅनिक काहीही म्हणो.