आधी रांग लाव, मग प्लॅन वाढव

गाडीत सिमवाला राउटर बसवलास, उत्तम. पण चिपळूण-गुहागर रस्त्यावर प्रवाशांचे कॉल अडकतात म्हणून लगेच महागडा प्लॅन घेऊ नकोस. आधी राउटरमधलं क्यूओएस, म्हणजे कुठला डेटा आधी जाईल हे ठरवणारी सोय, चालू कर आणि अपलोडची मर्यादा मिळणाऱ्या खऱ्या वेगापेक्षा थोडी खाली ठेव. इथेच बहुतेक जण चुकतात. मर्यादा नसली की बाहेर जाणाऱ्या डेटाची रांग राउटरऐवजी मोडेममध्ये लागते आणि तिथे तुझे नियम चालत नाहीत. कुणाचे तरी वेळणेश्वरचे दोनशे फोटो मागच्या मागे क्लाउडवर चढत असतात, आणि शेजारच्या काकांचा व्हॉट्सॲप कॉल ‘हॅलो, हॅलो’वरच अडतो.

पॅकेटवर, म्हणजे डेटाच्या तुकड्यावर, डीएससीपी ४६ चा (‘हे आधी पाठवा’ असा) शिक्का मारून टॉवरकडून फार अपेक्षा ठेवू नकोस. तिथलं गणित वेगळं. ४जीमध्ये व्होएलटीईच्या, म्हणजे सिमवरच्या नेहमीच्या कॉलच्या, आवाजाला क्यूसीआय १ हा दर्जा, म्हणजे राखीव वेग. व्हॉट्सॲप कॉल मात्र साध्या इंटरनेटच्या गर्दीत.

टॉवर बदलताना आयपी पत्ता (इंटरनेटवरची ओळख) सहसा तोच राहतो. खरी गोची होते ती हॉटेलच्या वायफायवरून मोबाइल डेटावर येताना: पत्ता बदलतो आणि टीसीपी ही इंटरनेटची साधी, नेहमीची जोडणी तुटते. क्विक (QUIC) हा डेटा पाठवण्याचा दुसरा प्रोटोकॉल जोडणीला पत्त्यापेक्षा स्वतंत्र ओळख देतो, म्हणून तो तग धरू शकतो. व्हीपीएन (डेटा कुलूपबंद करून नेणारी जोडणी) लागलंच तर वायरगार्ड नावाचं घे, पत्ता बदलला तरी तो सांभाळून घेतो.

घाटात रेंजच गेली तर प्राधान्य देणार कशाला? त्यामुळे चाचणी चिपळूण स्टँडवर उभा राहून कर: मोठी फाइल अपलोडला लाव, सोबत पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी) चालव आणि तिचे आकडे उसळेनासे होईपर्यंत मर्यादा खाली आण.